दोन पात्यांचा आश्रुबा

आमच्या गावात माणूस माणसाला भेटला की ख्यालीखुशाली विचारतो, पाऊसपाण्याचं बोलतो. आश्रुबाला मात्र लोक एकच विचारायचे, "खिसा कसा हाय?"

तो बंडीच्या आतल्या खिशावर हात ठेवायचा, जरा चाचपायचा आणि सांगायचा, "घट्ट हाय." मग विचारणारा आपल्या वाटेला लागायचा. चेष्टाच होती ती. पण उत्तर ऐकल्याबिगर पुढे सरकलेला माणूस मी कधी पाहिला नाही. तलवाड्याच्या बाजाराला निघालेली भरली जीपसुद्धा त्याच्यापाशी थांबायची. ड्रायव्हर मान बाहेर काढून म्हणायचा, "आश्रुबा, खिसा?" "घट्ट." आणि मगच गिअर पडायचा.

त्या खिशात एक मिटता चाकू होता. आज ती हकीकत सांगतो, कारण आता गावात नीट सांगणारा मीच उरलोय आणि मला सांगायला आवडतं.

आश्रुबाला कामं दोन. एक, मोसंबीची कलमं भरणं. आमच्याकडं मोसंबीच्या बागा पुष्कळ. जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, रोपाच्या सालीला चीर द्यायची, चांगल्या झाडाचा डोळा अलगद काढून त्या चिरेत बसवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. आश्रुबानं भरलेला डोळा सहसा वाया जात नसे. दुसरं काम त्यानं मागून घेतलेलं नव्हतं, गावानं त्याच्या गळ्यात घातलं होतं. कोणी वारलं की तिरडी तोच बांधायचा. आणि गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, काठावर, चितेवर ठेवायच्या आधी, गेलेल्या माणसाच्या कमरेचा करदोडा तोच कापायचा. आमच्यात पुरुषमाणूस अंगावर कपडा नसला तरी करदोड्याशिवाय राहत नाही. तो कापला की माणूस सुटला.

सुरुवातीला दोन्ही कामांना त्याचा एकच चाकू होता. एका साली त्यानं भरलेली कलमांची ओळच्या ओळ वाळली. बायनाबाई, म्हणजे त्याची बायको, तोंडाची तिखट. ती म्हणाली, "ज्या पात्यानं माणूस तोडता त्याच पात्यानं झाड जोडता. ते कसं जगंल, सांगा बरं?"

आश्रुबाला पटलं. पण दोन चाकू खिशात ठेवले तर घाईत हाताला कोणता लागेल, याचा नेम नाही. म्हणून त्यानं ठरवलं, मूठ एकच, पाती दोन. एका बाजूनं झाडाचं, दुसऱ्या बाजूनं माणसाचं.

तलवाड्याच्या बाजाराजवळ तेव्हा घिसाड्यांची पालं पडायची. तिथं छबुबाई म्हणून एक बाई होती. नवरा सांडशीनं लोखंड धरायचा आणि ही घण मारायची. दंड असे की भल्या पैलवानानं खाली बघावं. मी आश्रुबाबरोबर गेलतो. त्यानं तीन वस्तू पुढे ठेवल्या. आरागिरणीतल्या करवतीचा एक तुकडा, बापाचा मोडका विळा आणि त्याच्या मेलेल्या मोरक्या बैलाचं शिंग.

"येका मुठीत दोन कावून?" छबुबाईनं विचारलं.

"येक झाडाचं, येक माणसाचं," आश्रुबा म्हणाला.

कोणत्या माणसाचं, ते त्यानं सांगितल्यावर तिनं घण खाली ठेवला. मग म्हणाली, "करवतीचं झाडाला करते. त्येला नखाची खाच ठेवते. इळ्याचं माणसाला. त्येला खाच न्हाई. आन् ते लई घट्ट बसवते, पकडीबिगर निघाया नगं."

संध्याकाळी चाकू हातात देताना तिनं अजून एक सांगितलं. "दोगांची तोंडं येकमेकाला दिसू देऊ नगा. येक उघडायचं तर दुसरं मिटल्यालं पायजे."

मला गप्प बसवेना. म्हटलं, "दिसली तर काय हुतंय?"

"तुमच्या घरी दोन सवती येका ताटात जेवाया बसवा आन् मला येऊन सांगा," ती म्हणाली. आम्ही हसलो, तीही हसली. तिचा नवरा तेवढा हसला नाही. त्यानं आमच्याकडं पाठ केली आणि विस्तवावर पाणी मारलं.

चाकू देखणा झाला होता. काळसर शिंगाची मूठ, मध्ये पितळेचे खिळे, हातात धरला की तळव्याला ऊब लागायची. झाडाच्या पात्याचा उपयोग तर विचारू नका. आश्रुबा त्यानं कलमं भरायचा, कैरी चिरायचा, भाकरीबरोबर कांदा फोडायचा, ठिबकची नळी छाटायचा, पायातला काटा काढायचा. गावात लग्न निघालं की नवरदेवाच्या हातात लिंबू खोचून द्यायला तोच चाकू नेत. काम झालं की आश्रुबा पातं धोतराला पुसायचा आणि मिटायचा. कट्ट. तो आवाज कानाला गोड लागायचा.

विळ्याच्या पात्याला मात्र छबुबाईनं सांगितल्याप्रमाणं पक्कड लागायची. नदीवर जाताना तो पक्कड बरोबर न्यायचा.

एका दुपारी आम्ही दोघं त्याच्या कलमांच्या नर्सरीत जेवत होतो. चाकू पोत्यावर पडलेला, दोन्ही पाती मिटलेली. वारा नव्हता, पान हलत नव्हतं. आणि माझ्या डोळ्यांदेखत विळ्याचं पातं शिंगातून निम्मं बाहेर आलं. कोणी आतून ढकलावं तसं, सावकाश. आश्रुबानं ते बोटानं मिटलं. ते पुन्हा आलं. त्यानं भाकरी झाकून ठेवली, घरी गेला, डोक्यावरून पाणी घेतलं आणि आढ्याला अडकवलेला तिरडीचा काथ्या काढून दारात बसला.

बायनाबाईनं विचारलं, "कोन गेलं?"

"म्हाईत न्हाई आजून," तो म्हणाला.

उन्हं कलायच्या आत वेशीजवळच्या आळीतून बोलावणं आलं.

असं दोनतीनदा झालं आणि गावाला कळायचं ते कळलं. तेव्हापासून खिशाची चौकशी सुरू झाली. आजारी माणसं त्याला उंबऱ्याच्या आत घेईनात. एक म्हातारी त्याचा चहा रस्त्याच्या पलीकडं पाठवायची आणि बाजेवरून ओरडून सांगायची, "आश्रुबा, कप तिथंच ठिव, पोरगी आणंल." आश्रुबाला त्याचं वाईट वाटत नसे. चहा चांगला असायचा.

अंगदची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

अंगद आमच्या गल्लीतला, अंगानं चांगला भरलेला. उन्हाळ्यात भर दुपारी बांधावर कोसळला. गाडीत घातला, पण वाटेतच थंड पडला म्हणून लोकांनी तसाच माघारी आणला. रडारड झाली. आश्रुबानं तिरडी बांधली, पण त्याचं मन कामात नव्हतं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "नाना, खिसा सकाळपासनं घट्टच हाय."

"आरं, माणूस मरून पडलाय आन् तू खिशाचं काय सांगतो," मी म्हणालो.

नदीवर त्यानं पक्कड लावून पातं ओढलं. निघता निघेना. शेवटी निघालं. अंगदच्या करदोड्याखाली त्यानं ते सरकवलं आणि ओढलं. दोरा जुना, झिजून केसाएवढा झालेला. तुटेना. त्यानं दाबून ओढलं. काचेवरून घसरावं तसं पातं घसरलं. त्यानं तेच पातं काथ्यावर चालवलं, काथ्या खटकन तुटला. पुन्हा दोऱ्यावर, पुन्हा तेच. लोक कुजबुजायला लागले. आश्रुबानं पातं मिटलं, अंगदच्या डोक्याशी उकिडवा बसला आणि झोपलेल्याला उठवावं तशा आवाजात म्हणाला, "अंगद, ऊठ. ऊन लई झालंय."

अंगदच्या घशात घरघर झाली.

नदीत वाळूवाल्यांनी खड्डे करून ठेवलेत. त्या दिवशी आमच्यातली निम्मी माणसं पळताना त्या खड्ड्यांत पडली. अंगदच्या सख्ख्या मेव्हण्याच्या चपला तिथंच राहिल्या, त्या न्यायला तो पुन्हा आला नाही. अंगद पुढं बरीच वर्षं जगला. पण अधूनमधून आश्रुबाच्या दारात यायचा, चाकू मागायचा, विळ्याच्या पात्याच्या बाजूवरून अंगठा फिरवायचा आणि परत द्यायचा. एकदाच बोलला. म्हणाला, "कुणीतरी दोरा धरून बसलं हुतं. सोडतबी नव्हतं, वढतबी नव्हतं."

त्या दिवसापासून आम्हाला एक पक्कं कळलं. ते पातं जाणाऱ्याचाच दोरा कापतं. राहणाऱ्याचा कापत नाही.

आता आरोहीचं सांगतो. आश्रुबाचा मुलगा शिवशंकर आणि सून योगिता. लग्नाला बरीच वर्षं होऊनही घरात पाळणा नव्हता. नवससायास झाले, दवाखाने झाले आणि शेवटी आरोही झाली. योगिताला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. आश्रुबा इतका खूश की नर्सरीत कलमं बघायला आलेल्या माणसाला आधी नात दाखवायचा.

त्यांच्या घरची एक रीत आहे. बाळ झालं, मुलगा असो की मुलगी, की आजोबानं आपला जुना करदोडा नदीत सोडायचा, नवा दोरा वळून स्वतःच्या कमरेला बांधायचा आणि बारशापर्यंत वागवायचा. बारशाला तोच आपल्या कमरेचा सोडून बाळाच्या कमरेला बांधायचा. त्यानं बाळाला घराची ऊब लागते म्हणतात. उरलेलं टोक कापून टाकायचं. आजोबानं स्वतःसाठी दुसरा दोरा मग पुढच्या सोमवारी वळायचा.

बारशाला घर बायकांनी भरलं होतं. मी आश्रुबाच्या शेजारी पाटाला लागून बसलो होतो. त्यानं दोरा बाळाच्या कमरेला बांधला, दुहेरी गाठ मारली, खिशात हात घातला. डोळ्यांना आताशा त्याला कमीच दिसायचं, हाताच्या सवयीवर चालायचं. अंगठ्यानं पातं उघडलं, सहज उघडलं, आणि त्यानं दोऱ्याचं टोक कापलं.

दोरा तुटल्याचा आवाजसुद्धा आला नाही. लोण्यातून जावं तसं पातं गेलं.

मग त्याचा अंगठा पात्यावर खाच शोधायला लागला. खाच नव्हती.

त्याच्या तोंडाचा रंग मी पाहिला. बायका पाळणा म्हणत होत्या, कोणी पेढे वाटत होतं. आश्रुबानं तळहातानं पातं झाकलं, मिटलं आणि उठून बाहेर गेला. मी पाठोपाठ गेलो. जंबेरीच्या रोपांत तो उभा होता.

"नाना, पातं सैल हुतं," तो म्हणाला. "आन् दोरा कापला गेला."

अंगदचा दोरा आम्ही दोघांनी पाहिला होता.

त्या दिवशी गावात कोणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यात नाही. पातं मात्र सैलच. पूर्वी माणूस गेला की ते आपोआप घट्ट व्हायचं, आता खिशात खुळखुळत राहिलं. लोक विचारायचे, "खिसा कसा हाय?" आणि आश्रुबा हसून सांगायचा, "घट्ट." पहिल्यांदाच तो खोटं बोलत होता आणि ते फक्त मला माहीत होतं.

त्यानं नर्सरीत जाणं सोडलं. पाळण्याजवळून हलेना. बायनाबाई म्हणायची, "नातीनं म्हाताऱ्याला येडं केलं." पोरगी सुदृढ, दूध पिणारी, झोपणारी. तिचं एकच होतं. आश्रुबा जवळ आला की ती त्याच्या तोंडाकडं बघायची नाही, खिशाकडं बघायची. तो अंगणात गेला तर मान वळवून खिशाच्या मागं डोळे न्यायची. आणि तो चालताना खिशात पातं वाजलं, की खुदकन हसायची.

त्यानं बंडी काढून खुंटीला टांगली, तर ती खुंटीकडं बघून हसायला लागली.

मग एक दिवस आश्रुबा छबुबाईला शोधायला निघाला. पालं कधीच उठली होती. विचारत विचारत ती गेवराईच्या बाजूला रस्त्यालगत सापडली. नवरा वारलेला, घण सुटलेला, ती खुरप्यांना धार लावून देत होती. त्यानं सगळं सांगितलं. परत आला तो थेट माझ्या ओट्यावर, आणि तोंडभर हसत. म्हणाला, "नाना, आदी च्या सांगा."

चहा घेता घेता त्यानं मला ते बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

छबुबाईनं विचारलं होतं, "दोरा कुणाचा हुता?"

"नातीचा."

"तिच्या कमरंला किती येळ हुता?"

"तवाच तर बांधला."

"आन् त्येच्या आदी कुणाच्या कमरंला हुता?"

आश्रुबा माझ्याकडं बघून म्हणाला, "माज्या हुता, नाना. पात्यानं माजा दोरा कापला. पोरीचा न्हाई." पोराला नोकरी लागल्याचं सांगावं तसं तो हे सांगत होता.

तो पुढं बोलला, "पर येक गुतागुत झालीय. दोरा माजा आन् कमर तिची. पातं आडून बसलंय. त्येला कळंना कुणाला न्यावं. दोगांत येक दोरा कसा चालंल?"

"मंग काढ की तो दोरा," मी म्हणालो.

"बारशाचा दोरा वरीस व्हायच्या आत काढत न्हाईत. आन् योगिताला काय सांगू? तुज्या पोरीला मी चुकून सोडवली म्हणून सांगू?" त्यानं कप खाली ठेवला. "दोन्ही पाती समोरासमोर बसवतो. झाडाचं जगवणारं हाय, माणसाचं नेणारं. दोगांचं हुऊ द्या बोलणं. त्येंच्यात न्हाई निभलं, तर मी मधी हायच."

"छबुबाईनं नगं म्हणलं हुतं."

"तिलाच इचारून आलो. ती म्हणली, आता बसवा."

दुसऱ्या दिवशी तो पुष्कळ दिवसांनी नर्सरीत गेला. टळटळीत दुपारी बायनाबाई माझ्या दारात आली. रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "नाना, जरा चला."

आश्रुबा हिरव्या जाळीच्या सावलीत खांबाला टेकून बसला होता. जंबेरीची एक अख्खी ओळ त्यानं भरून टाकली होती, सगळ्या पट्ट्या नीट गुंडाळलेल्या. चाकू मांडीवर होता. दोन्ही पाती उघडी, मुठीच्या दोन टोकांना, एकमेकांकडं वळलेली. तो त्यांच्याकडं बघत असावा असं वाटत होतं. चेहऱ्यावर, खरं सांगतो, कोणाची तरी गोष्ट ऐकत असल्याचा भाव होता.

तिरडी मी बांधली. त्याचंच बघून बघून शिकलो होतो. अंगणात अंघोळ घालताना शिवशंकर म्हणाला, "बापूच्या कमरंला करदोडा न्हाई."

खरंच नव्हता. बारशानंतरचा सोमवार त्यानं पाळलाच नव्हता.

"नवा बांधा आन् कापा," कोणीतरी म्हणालं. मी चाकू मिटायला गेलो. झाडाचं पातं मिटलं, कट्ट. विळ्याचं मिटेना. मी दाबून मिटवलं, हात काढला, ते लोंबत बाहेर आलं. पुन्हा मिटवलं, पुन्हा आलं. आश्रुबा गेला तरी पातं सैलच होतं. काम अजून संपलेलं नव्हतं.

योगिता ओट्यावर आरोहीला मांडीवर घेऊन बसली होती. मी तिच्यापुढं गेलो आणि कसंबसं म्हणालो, "पोरी, तो दोरा लागंल."

शिवशंकर मागून आला. "नाना, म्हाताऱ्याच्या गोष्टी त्येच्यासंगं जाऊ द्या. माज्या पोरीवर कावून आणता?"

"तुमी गप ऱ्हावा," योगिता म्हणाली. ती त्याच्याकडं बघतही नव्हती, माझ्या हाताकडं बघत होती. आरोहीही तिकडंच बघत होती. "नाना, ते तिथंच ठिवा. हिच्याजवळ आणू नगा."

मी चाकू पायरीवर ठेवला. पातं उघडंच राहिलं.

"मला बारशालाच दिसलं हुतं," योगिता म्हणाली. "खाच नसल्यालं पातं. मामंजी काय बोलले न्हाईत, मीबी बोलले न्हाई. रोज झोपताना त्या दोऱ्यावर हात ठिवून झोपते."

तिनं बाळाची कमर उघडी केली. आश्रुबाची दुहेरी गाठ, पाण्यानं आवळलेली. नखानं सुटेना. कोणीतरी कात्री आणायला आत वळलं तशी ती म्हणाली, "लोखंड नगं." वाकून तिनं गाठ दातांत धरली. बाळ रडलं नाही, हललंही नाही. पायरीवरच्या पात्याकडं टक लावून बघत होतं. गाठ सुटली तेव्हा योगिताच्या ओठाला रक्त आलं होतं. तिनं दोरा माझ्या हातावर ठेवला. तो कढत होता.

नदीवर तो दोरा आश्रुबाच्या कमरेवर आडवा ठेवला. त्याला पुरेल एवढा तो नव्हताच. मी पातं टेकवलं. ओढावं लागलं नाही. टेकवलं आणि दोन तुकडे दोन्हीकडं पडले. त्याच क्षणी पातं आपलं आपण मिटलं. कट्ट.

घरी परतल्यावर योगिता म्हणाली, "नाना, तुमी नदीवर असताना पोरगी येकायेकी रडली. जन्मल्यावर रडतेत तशी." मी वेळ विचारली नाही.

त्या शेवटच्या ओळीतला एकही डोळा वाळला नाही. सगळी झाडं आता बागेत लागलीत.

चाकू माझ्याकडं आहे, माझ्याच आतल्या खिशात. झाडाच्या पात्यानं मी कैरी चिरतो, सुतळी कापतो. दुसरं त्या दिवसापासून पकडीनंही निघत नाही. नदीवर आता लोक करदोडा कापायला घरचीच वस्तू नेतात. तरी मला रस्त्यात थांबवून विचारतातच, "नाना, खिसा कसा हाय?" मी म्हणतो, "घट्ट हाय, चाला पुढं."

आरोही आता चालायला लागलीय, बोलतेही चार शब्द. दुपारी माझ्या ओट्यावर येते. ती कधी विचारत नाही. माझ्या मांडीवर चढते, खिशाला कान लावते, बराच वेळ ऐकते आणि हसते.